बाजाराच्या दिवशीची गोळी

पिंपळदरा, ता. पाथर्डी
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. सविता हिला अब्दुल चाचाचा दुवा, आणि तुझ्या चाचीचा त्याहून मोठा.

आम्ही दोघं बरी आहोत. चाचीचा गुडघा थंडीच्या आधीच बोलायला लागलाय. नवऱ्याचं औषधाचं दुकान असताना ती शेजारणीनं दिलेलं तेल चोळते. मी काही म्हणालो की म्हणते, तुमच्या गोळ्या लोकांना द्या. पाऊस यंदा नको इतका झाला. स्टँडसमोरचा रस्ता उखडून ठेवलाय, सगळी धूळ आपल्या काउंटरवर, दिवसातून चार वेळा फडकं मारतो. तुझं दुसरं वर्ष कसं चाललंय? नर्सिंगला दुसरं वर्ष जड जातं म्हणतात. मेसचं जेवण बरं नसलं तरी उपाशी झोपत जाऊ नकोस.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. माझा फोन तू उचलतेस, बापाचा उचलत नाहीस. पण फोनवर मी गोड बोलतो आणि ठेवून देतो. गेले नऊ महिने तेच करत आलोय. म्हणून आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि कागद घेऊन बसलोय. चाचीनं चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं. लिहून झाल्याशिवाय ती मला उठू देणार नाही असं दिसतंय.

तुझा बाप पाडव्याला श्रीरामपूरला तुझ्या होस्टेलवर येऊन गेला. दारावरच्या बाईंनी तुला निरोप दिला आणि तू वरूनच सांगितलंस, माझं कुणी नाही, परत पाठवा. त्याला त्या बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांना. शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "चाचीला द्या. तिकडं कुनी घेतलं न्हाई." एवढंच बोलला. तुझी तक्रार केली नाही, माझ्याकडे नीट बघितलंही नाही. ते लाडू आमच्याकडे तसेच पडलेत. चाची हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही.

येत्या शनिवारी तो पुन्हा ऊसतोडीला चाललाय, कोपरगावच्याच पट्ट्यात. या वेळी भिमाजीच्या पोराबरोबर. कोयत्याला जोडीदार लागतो आणि त्याची जोडीदारीण राहिली नाही. सहा महिने तो तिकडे आणि तू इकडे, मध्ये एक शब्द नाही, असं होऊ नये म्हणून लिहितोय. तू त्याच्याशी का बोलत नाहीस हे मला सगळ्या गावापेक्षा जास्त ठाऊक आहे. दहाव्याच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर तू त्याला म्हणालीस, "तू मारलंस माझ्या आईला." तो खाली मान घालून बसला होता. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी ओट्यावरच होतो.

आता मला तुझ्या आईच्या औषधाबद्दल लिहायचंय. तू ते शिकतेच आहेस, तेव्हा काही झाकून ठेवून उपयोग नाही.

कडूबाईची बोटं पार वाकडी झाली होती, तुला आठवत असेल. सकाळी हंडा उचलायची सोय नव्हती. गेल्या साली जूनमध्ये नगरला सावेडीच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एक गोळी. ही गोळी कशी असते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं असेल. आठवड्याला एक घेतली तर माणूस उठून कामाला लागतो, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी संपतात. म्हणून कायदा असा की त्या पाकिटावर वाराचं नाव लिहायचं. बुधवार तर बुधवार, मोठ्या अक्षरात. आणि महिन्याच्या महिन्याला रक्त तपासल्याशिवाय पुढची गोळी द्यायची नाही.

मला कायदा कुणी शिकवायला नको होता. गाव मला मागं 'कलेक्टर' म्हणतं हे मला ठाऊक आहे. चिठ्ठी नसली तर मी सरपंचालाही परत पाठवलंय. माझ्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिलेलं असतं, लाइट गेली तर इन्शुलिन बर्फाच्या डब्यात जातं. तारीख उलटलेला माल मी लाल खोक्यात टाकून परत करतो, कधी एक गोळी विकली नाही. स्ट्रिप कापून देत नाही, कारण तारीख एका तुकड्यावर राहते आणि गोळी दुसऱ्यावर जाते. तीस वर्षांत तपासणीला आलेल्या कुठल्याच साहेबाला माझ्या दुकानात बोट ठेवायला जागा सापडली नाही. याची मला घमेंड होती, सविता. आता लिहिताना लाज वाटते, पण होती.

पण आपल्याकडच्या माणसांना वाचता येत नाही, त्यांना वार लिहून काय करायचं? म्हणून मी माझी एक रीत काढली होती. पाकिटावर चित्रं काढायचो. सकाळला सूर्य, रात्रीला चांद, जेवणानंतरची असेल तर भाकरी. आणि आठवड्याच्या गोळीला बाजाराची पिशवी. वार कुणाच्या ध्यानात राहो न राहो, पिंपळदऱ्याचा बुधवारचा बाजार कुणी विसरत नाही. मी सांगायचो, "बाजाराच्या दिवशी एक. बाजार नाही तर गोळी नाही." तुझ्या आईनं जूनपासून दिवाळीपर्यंत एकही चूक केली नाही. बोटं उघडायला लागली. श्रावणात तिनं मला हात पुढं करून मूठ वळवून दाखवली होती. म्हणाली, "चाचा, आता कोयता धरते का न्हाई बघा."

मला ती रीत इतकी आवडली होती की सावेडीच्या एका हॉलमध्ये औषध दुकानदारांची बैठक झाली, तिथं मी उठून ती सांगितली. टाळ्या पडल्या. तरण्या पोरांनी माझ्या पाकिटांचे फोटो काढले. मला शाल घातली. आता त्यातल्या किती पोरांनी ती रीत उचलली असेल याचा विचार मनातून जात नाही.

भाऊबीज झाल्यावर तुझे आईबाप निघाले. आदल्या दिवशी तुझा बाप बजरंग चिठ्ठी घेऊन आला. ती एका महिन्याची होती. मी त्याला म्हणालो असतो, नाही देत, तिकडे डॉक्टर शोध, रक्त तपास, तर तो परत गेला असता. कलेक्टरनं तेच करायला हवं होतं. पण ती मूठ माझ्या डोळ्यांपुढे होती. तिकडे उसाच्या फडात कुठला डॉक्टर, सहा महिने गोळ्या नाहीत तर बोटं पुन्हा वाकतील. मी तीन स्ट्रिपा दिल्या, तीस गोळ्या. पिशवीचं चित्र काढलं. आणि बजरंगला बजावलं. काय बजावलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणालो, "बजरंग, काही झालं तरी बाजार चुकवायचा नाही. एक बाजार चुकला की बोटं परत वाकडी. कळलं का?" तो म्हणाला, "कळलं." मी म्हणालो, "म्हणून दाखव." त्यानं म्हणून दाखवलं. "बाजारच्या दिवशी एक. बाजार हुकवायचा न्हाई." मी पाठीवर थाप मारली.

जोहरची वेळ झाली. नमाज पढून येतो.

आलो. चाचीनं विचारलं, कुठवर आलं? मी म्हणालो, टोळीचा ट्रॅक्टर निघालाय. तिनं दार पुन्हा ओढून घेतलं.

तुमची टोळी ज्या शिवारात उतरली होती तिथं तू कधी गेली नाहीस, मीही गेलो नव्हतो. यंदा उन्हाळ्यात मी मुद्दाम जाऊन आलो, कुणाला न सांगता. सगळा भिजता मुलूख, दोन-दोन कोसांवर भरलेली गावं. टोळीच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, जिथं होत्या त्या गावाचा बाजार रविवारी. कॅनॉलपलीकडच्या गावाचा मंगळवारी. कारखान्याच्या फाटकासमोर गुरुवारी. नदीकडच्या गावाला शनिवारी. आपल्या कोरड्या भागात आठवड्यातून एकदा माणसं जमतात. तिकडे जवळपास एका आड एक दिवस बाजार.

आता तुला कळलं असेल. मला ते एवढं लिहायला नऊ महिने लागले.

तुझा बाप रोज ऊस तोडून आल्यावर गाडीवानांना विचारायचा, आज कुठं बाजार हाय का? असला तर कोपीत जाऊन तुझ्या आईला गोळी द्यायचा, स्वतःच्या हातानं, पाण्याचा तांब्या धरून. बाजाराला जायची त्याच्या अंगात ताकद नसायची, जायचाही नाही. पण गोळी चुकवली नाही. मी म्हणून दाखवायला लावलं होतं ना. हे त्यानं मला पुढं सांगितलं, ते लिहितोच.

तुझी आई गेली त्याआधी नगरच्या डॉक्टरांनी त्याला तुझ्यासमोर विचारलं होतं, "ही गोळी रोज दिलीत का?" तो म्हणाला होता, "न्हाई, बाजारच्या दिवशीच." डॉक्टर म्हणाले, "कसला बाजार?" आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तू तिथं उभी होतीस. तुला वाटलं बाप काहीतरी बरळतोय, किंवा पिऊन आलाय. त्याच्या तोंडून खरी गोष्ट एकदाच निघाली आणि ती कुणाला कळली नाही. मी तिथं असतो तर मला कळली असती.

दहाव्याचा विधी उरकल्यावर त्याच दिवशी तू माझ्याकडे आलीस. डोळे सुजलेले, केसांना तेल नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून तू एकच विचारलंस. "चाचा, तुम्ही अण्णांना आठवड्यातून एक असंच सांगितलं होतं ना?" आणि मी म्हणालो, "अगं, पाकिटावर चित्रसुद्धा काढून दिलं होतं. तुझ्या बापाला ऐकायचं भान असेल तर ना." हेच म्हणालो मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. बजरंग महिन्यातून एखाद वेळी घेतो हे गावाला ठाऊक होतं, म्हणून ते वाक्य सहज खपलं. त्या दिवशी मला खरंच वाटत होतं की त्याचंच चुकलं असेल. माझ्या डोक्यात बाजार म्हणजे आठवडा, त्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. तू तिथून थेट घरी गेलीस आणि भावकीसमोर बापाला ते बोललीस. मी तुझ्यामागून ओट्यावर आलो होतो ते सांत्वनाला.

इथपर्यंत मी तुला चूक सांगितली. आता जे सांगतोय त्याला चूक म्हणता येत नाही.

संक्रांत झाल्यावर बजरंग दुकानात आला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं सदऱ्याच्या खिशातून ते पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, "ह्या उरल्यात. दुसऱ्या कुना गरिबाला हुतील." मी मोजल्या. नऊ होत्या. मी मनात हिशेब केला. सहा आठवड्यांत सहा जायला हव्या होत्या, एकवीस गेल्या होत्या. मी त्याला विचारलं, कशा दिल्यास रे? तर तो बोटांवर मोजत सांगायला लागला. "आयतवारी एक, मंगळवारी एक, बेस्तरवारी एक, शनवारी एक. तिकडं लई बाजार, चाचा. मला वाटलं तिकडं काम जास्त, म्हून गोळी जास्त लागत आसंल. पन एक हुकू दिला न्हाई." मी त्याच्या बोटांकडे बघत राहिलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आणि मग त्यालाच उमगलं. माझ्या तोंडावरूनच उमगलं असणार. हळूच म्हणाला, "म्हंजी समदे बाजार धरायचे नव्हते व्हय?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

तो खाली बसला, दुकानाच्या पायरीवर. मी काउंटरच्या आतच होतो. बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसावं एवढंही मला सुचलं नाही.

मग तो उठला आणि म्हणाला, "सविताला सांगू नका." मला वाटलं तो मला वाचवतोय, म्हणून मी म्हणालो, अरे असं कसं, चूक माझी आहे. तर म्हणाला, "तुमची हाय का माझी हाय, माझं मानूस तर गेलं. पन पोर तुमच्या नादानं नर्सिंगला गेली. तुमी सांगता ते तिला देवानं सांगितल्यावानी वाटतं. तुमचंच आवशद मारतं असं तिला कळलं तर ती कुनाच्या तोंडात गोळी कशी घालंल? ती शाळा सोडंल आन माझ्यासंगं कोयता धरंल. तिला माझा राग यिऊ द्या. माझ्यावाचून तिचं अडत न्हाई." मी वचन दिलं. त्यानं मागितलं आणि मी दिलं.

खोटं का बोलू, तो पायरी उतरून गेला तेव्हा मला हलकं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं. दुकान राहिलं, नाव राहिलं, आणि वर बजरंगचा शब्द पाळतोय म्हणून मीच मोठा. नऊ महिने मी तसंच मानून घेतलं. तू फोनवर बापाला शिव्या घालायचीस आणि मी म्हणायचो, जाऊ दे गं, बाप आहे. असं म्हणायला मला काही पडत नव्हतं. तुझा बाप तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता आणि मी वरून त्याची बाजू घेतल्याचं पुण्यही पदरात पाडून घेत होतो.

तरी अजून एक राहिलंय. हे बजरंगला माहीत आहे, पण त्याचा अर्थ त्याला माहीत नाही. चाचीला मी आठवड्यापूर्वी सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं हे कागद आणून ठेवले.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी बजरंगचा मला फोन आला होता. गाडीवानाच्या मोबाईलवरून. दुकानात बाजाराची गर्दी, दहा-बारा माणसं, मी फोन खांद्याला दाबून गोळ्या देत होतो. तो म्हणाला, "चाचा, कडूचं तोंड आलंय. भाकर गिळत न्हाई. अंग बी तापतंय." मी म्हणालो, "उष्णता झाली असेल. फडात दिवसभर ऊन. साजूक तूप लाव, बी-कॉम्प्लेक्स घे तिकडच्या दुकानातून." तो म्हणाला, "आन ती बाजारची गोळी?" मी म्हणालो, "ती चालू ठेव. ती चुकवू नको."

तू आता दुसऱ्या वर्षाला आहेस. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं आणि ताप आला तर काय करायचं हे तुला परीक्षेत येईल. गोळी त्या क्षणी बंद, पेशंट दवाखान्यात, रक्त तपासा. माझ्या काउंटरच्या आतल्या बाजूला जो तक्ता लावलाय त्यात ते लिहिलंय, आणि फोनवर बोलताना मी त्या तक्त्याकडेच तोंड करून उभा होतो. किती गोळ्या उरल्यात एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर त्यानं पाकीट उघडून मोजल्या असत्या. तेव्हा चौदा गेल्या होत्या. डॉक्टर म्हणतात त्या वेळी इलाज होता. त्या फोननंतर तुझ्या आईनं आणखी सात घेतल्या. घशाखाली पाणी उतरत नव्हतं तरी घेतल्या. तिनं नको म्हटलं होतं. बजरंगनं सांगितलं, "ती नगं म्हनत हुती, पन चाचा म्हनले हुते चुकवू नको, म्हून म्या पान्यात कुस्करून दिली."

दोन वर्षांपूर्वी मला कुणी ही गोष्ट दुसऱ्या दुकानदाराची म्हणून सांगितली असती, तर मी म्हणालो असतो, त्याचं लायसन काढून घ्या. उद्या सोमवारी मी नगरला जातोय. औषध प्रशासनाच्या कार्यालयात हे सगळं लिहून देणार आहे, चित्राचं, तीस गोळ्यांचं आणि फोनचं. त्याची एक प्रत या पत्रासोबत ठेवलीय, खाली माझी सही आहे. पोलिसांत द्यायची तर दे, कोर्टात द्यायची तर दे, तुझ्या कॉलेजच्या बाईंना दाखवायची तर दाखव. मी नाकारणार नाही. सावेडीच्या त्या बैठकीतल्या लोकांनाही मी कळवलंय की पिशवीचं चित्र काढणं बंद करा. मी आता वार लिहितो, आणि घरात कुणाला वाचता येतं ते आधी विचारतो. कुणालाच येत नसेल तर स्ट्रिप दुकानात ठेवून आठवड्याच्या आठवड्याला एकच गोळी देतो. तोडीला जाणाऱ्यांना ती देतच नाही, आधी डॉक्टरांना फोन लावतो. माणसं चिडतात. चिडू देत.

आता तुला राग येईल. तो माझ्यावर येऊ दे, मी तो चुकवणार नाही. तू शिक्षण सोडशील अशी बजरंगला भीती होती. मला ती वाटत नाही. तू त्या काउंटरवर हात ठेवून जो प्रश्न विचारलास तो बरोबर प्रश्न होता. उत्तर देणारा खोटारडा निघाला. असं विचारणारं माणूस दवाखान्यात पाहिजे. पण हे मी सांगणारा कोण, तुझं तू ठरव.

मी बजरंगला दिलेला शब्द मोडलाय हे त्याला अजून ठाऊक नाही. नगरहून आलो की आधी त्याच्याकडे जाईन आणि फोनचं काय झालं तेही सांगेन. तो काय करेल मला माहीत नाही. टोळीचा ट्रॅक्टर शनिवारी पहाटे सुटेल, शेवगाव-नेवासा करत दुपारपर्यंत श्रीरामपुरात येतो आणि स्टँडजवळ चहाला थांबतो. या वेळी तो होस्टेलकडे येणार नाही. एकदा परत पाठवल्यावर तो दुसऱ्यांदा दारात उभा राहणाऱ्यातला नाही, तुझ्यासारखाच आहे. जायचं असेल तर तुलाच जावं लागेल.

आणि गेलीस तर त्याला माफ केलं असं म्हणू नकोस. माफ करण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही. त्यानं तुझ्या आईला एकवीस गोळ्या दिल्या, आणि त्यातली एकही त्यानं स्वतःच्या मनानं दिली नाही. सगळ्या माझ्या सांगण्यावरून दिल्या.

तुझ्या आईला ज्यानं औषध दिलं तो,
अब्दुल करीम शेख